माझ्या खाचेवरचा कागद

त्या सोमवारी सकाळी सहाला पाच मिनिटे कमी असताना लक्ष्मीबाईंनी शटर कमरेइतके वर सारले, वाकून त्या आत आल्या आणि मग ते पूर्ण वर ढकलले. भिजलेले चुरमुरे पिळून त्यांनी परातीत काढले. कढईत शेंगदाणे तडतडले, मिरची आणि कढीपत्ता पडला, वरून चुरमुरे गेले. आमच्याकडे या नाश्त्याला सुशीला म्हणतात. तोवर त्यांच्या सुनेने, पुनमने, बाकडी पुसून घेतली होती. सव्वासहाला मुले आली. समोरच्या इमारतीत साडेसहाला भौतिकशास्त्राचा तास सुरू होतो, म्हणून बाकड्यांवर कोणी बसत नाही. मुलांनी उभ्यानेच खाल्ले, माझ्यापुढे मोबाईल धरले आणि रस्ता ओलांडला. भिंतीवरचा लहानसा डबा दर वेळी बोलत होता, ‘तीस रुपये प्राप्त झाले.’ माझ्या पोटात मात्र काहीच पडले नाही.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गल्ला आहे. उदगीरच्या एका सुताराने मला सागवानाच्या फळ्यांतून घडवले. माझ्या माथ्यावर बोटभर लांबीची खाच आहे, आत नाण्यांसाठी चार गोल खळग्यांचा ओढायचा कप्पा आहे आणि त्याच्या तळाच्या फळीखाली एक चोरकप्पा आहे. औसा तालुक्यातील एका खेड्यात लक्ष्मीबाईंचे पती नागनाथ किराणा दुकान चालवीत. चोरकप्पा त्यांनी लग्नानंतर फक्त बायकोला दाखवला होता.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरअखेर भूकंप झाला. दगडमातीच्या घराखालून मला चौथ्या दिवशी काढले. नागनाथ माझ्या आधी सापडले होते, पण जिवंत नव्हते. माझा डावा कोपरा दबला. तेव्हापासून कोपरा किंचित उचलून ओढल्याशिवाय माझा कप्पा उघडत नाही. पुढे मदतीचे पैसे आले ते धाकट्या दिराच्या खात्यावर, कारण घरात उरलेला कर्ता पुरुष तोच होता. लक्ष्मीबाईंनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तो हसून म्हणाला, “आपलं काय येगळं हाय का, वहिनी?” तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. दोन वर्षांच्या शिवशंकरला कडेवर आणि मला मांडीवर घेऊन त्या एसटीने लातूरला आल्या.

इथे आप्पासाहेबांकडून भाड्याने घेतलेल्या गाळ्यात त्यांनी नाश्त्याची गाडी लावावी तशी एक शेगडी मांडली. तेव्हा या गल्लीत एकच क्लास होता. पाहता पाहता दहा झाले, मग त्यांची मोजदाद राहिली नाही. रेणापूरची, मुखेडची, शिरूर अनंतपाळची मुले खोल्या करून राहू लागली. ती मुले माझ्या खाचेत पैसे टाकीत. कोणाचे नाणे मुठीत धरून गरम झालेले असे, कोणाची नोट वडिलांनी चौघडी करून दिलेली असे. दिवसाचे पहिले पैसे, म्हणजे बोहनी, लक्ष्मीबाई कपाळाला लावीत आणि स्वतःच्या हाताने खाचेतून सोडीत. बोहनीआधी त्या कोणाला सुट्टे देत नसत. मुलांना हे ठाऊक होते. परीक्षेच्या दिवशी ‘मावशी, आज बोहनी माझी’ म्हणून दोघेतिघे पहाटेच भांडत येत. त्या दिवसांत मला वाटे, या गल्लीत कोणाची गरज असेल तर ती माझी.

शिवशंकर माझ्याच शेजारी डोके ठेवून झोपे. त्याची वह्यापुस्तके, शाळेची फी, पदवीचा झगा घालून काढलेला फोटो, सारे माझ्यातूनच गेले. पुढे तो एका क्लासच्या कार्यालयात नोकरीला लागला आणि एक दिवस चौकोनी ठिपक्यांचा कागद घेऊन आला. आता कोणी खिशात पैसे ठेवत नाही, गिऱ्हाईक परत जाईल, असे त्याने आईला समजावले. ते खोटे नव्हते. कागद कुठे लावायचा, तर जिथे मुलांची नजर पैसे टाकायला जाते तिथे. त्याने तो माझ्या खाचेवर चिकटवला. लक्ष्मीबाईंनी एवढेच विचारले, की पैसे कोणाच्या खात्यावर जाणार. तो मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणाला, “माझ्या. आपलं काय येगळं हाय का, आई?”

त्यांचा हात परातीत थांबला. पण हा दीर नव्हता, पोटचा मुलगा होता. त्या पुन्हा चुरमुरे पिळू लागल्या.

मित्रांनो, ज्या मुलाने माझ्या खळग्यांत बोट घालून अंक शिकले, त्यानेच माझे तोंड बंद केले. मला राग त्या कागदाचा नव्हता. नवी साधने येतात आणि जुनी बाजूला होतात, एवढे लाकडालाही कळते. सुरुवातीला तो दर रविवारी भाजी-किराण्यापुरती रोकड आणून देई. मग पंधरा दिवसांनी देऊ लागला. मग मागितल्यावर. कित्येक दिवस बोहनीचा हात कपाळापर्यंत गेलाच नाही, कारण हातात काही नसे. भिंतीवरचा डबा बोलला की त्या क्षणभर त्याच्याकडे पाहत, पण त्याला बोहनी म्हणत नसत.

आता त्या सोमवारकडे येतो. मुले गेल्यावर आप्पासाहेब आले. बाकड्यावर बसून त्यांनी सुशीला मागवली, दोन घास खाल्ले आणि सहज म्हणाले, “जूनपासून आराम म्हणायचा तुमाला. शिवशंकर हितं अभ्यासिका टाकून राहिलाय. ॲडव्हान्स बी पोचला माझ्याकडं. भाडेपट्टा त्याच्या नावानं करायचा म्हणं.”

लक्ष्मीबाईंनी शेगडी विझवली. आप्पासाहेबांच्या लक्षात आले. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारले, “तुमाला सांगितलं न्हाई का त्यानं?”

तेवढ्यात मनस्विनी नावाची एक मुलगी उशिरा धापा टाकत आली. उभ्यानेच दोन घास खाऊन तिने मोबाईल काढला. लक्ष्मीबाईंनी तिला थांबवले. “बाई, पैसे धाडायच्या आधी तिथं नाव येतं न्हवं? मोठ्यानं वाच बरं.” मुलीने वाचले, “शिवशंकर नागनाथ.” तीन वर्षे दिवसातून शंभर वेळा ते नाव माझ्यासमोर उमटत होते, आणि एकाही मुलाने ते मोठ्याने वाचले नव्हते.

मुलगी गेली. लक्ष्मीबाई सुनेकडे वळल्या. पुनम परात घासत होती. खाली मान घालूनच ती म्हणाली, “मला म्हाईत होतं, आत्याबाई. सांगायची हिंमत न्हाई झाली.”

“आता तरी हाय का?”

पुनमने हात पुसले. “हाव.”

लक्ष्मीबाईंनी माझा डावा कोपरा उचलला, कप्पा ओढला आणि तळाची फळी सरकवली. कित्येक वर्षांपासून बोहनीच्या नोटांतून एकेक बाजूला काढून त्यांनी तिथे ठेवली होती. त्या सगळ्या त्यांनी पिशवीत घातल्या. एक नाणेही मागे ठेवले नाही. तेव्हा मला वाटले, आता यांनीही मला सोडले. भूकंपाने जे केले नाही ते आज झाले, असे मला खरोखर वाटले.

निघताना त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या, “त्याचा ॲडव्हान्स त्याला वापस करा. भाडेपट्टा माझ्या नावानं करा, रक्कम मी बँकेतून देते.”

“आन् त्याच्या ॲडव्हान्सचे पैसे? तेबी तुमच्याच हाताचे की.”

“गेले ते त्याचे,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. आप्पासाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

लक्ष्मीबाईंच्या नावाने खाते उघडायला सासू-सून बँकेत गेल्या. अर्ज, फोटो, सह्या, पुन्हा बोलावणे यात दहा दिवस गेले. शिवशंकर या काळात एकदा आला. आप्पासाहेबांनी पैसे परत केल्याचे त्याला कळले होते. तो बराच बोलला. आईच्या म्हाताऱ्या गुडघ्यांची काळजी वाटते म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही आले. मला वाटते, ती काळजी खरी होती. लक्ष्मीबाईंनी ऐकून घेतले आणि शेगडी पुसत राहिल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा माझ्यासारखे गल्ले उरणार नाहीत. त्याचे दुःख करू नका. पण पैसे देताना तुमच्या मोबाईलवर एक नाव येते. ते वाचत जा. समोर जो घाम पुसतो आहे, त्याचेच ते नाव आहे का, एवढे पाहा. आणि तुमच्या घरात कोणी दिवसभर उभे राहून कमावत असेल, तर ‘आपले काय वेगळे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे, तुमचा नाही.

अकराव्या दिवशी लक्ष्मीबाई नेहमीच्याच वेळी आल्या. शेगडी पेटवण्याआधी त्यांनी फडके कोमट पाण्यात बुडवून माझ्या माथ्यावर ठेवले, कागद भिजू दिला आणि उलथन्याच्या कडेने खरवडून काढला. खाचेत अडकलेला डिंक त्यांनी टाचणीने कोरला. नवा कागद पुनमने शेजारच्या भिंतीवर लावला, जुन्या डब्याच्या जागी नवा बोलका डबा ठेवला. बँकेचे पासबुक चोरकप्प्यात गेले.

सहा वाजून दहा मिनिटांनी, मुले येण्याआधी, शिवशंकर आला. खाच उघडी पाहून तो थांबला. मग बाकड्यावर बसला. आईने त्याच्यापुढे सुशीलेची ताटली ठेवली. त्याने खाल्ली, उठला, भिंतीवरच्या कागदापुढे मोबाईल धरला आणि नाव वाचत उभा राहिला.

“किती?” त्याने विचारले.

“तीस.”

डबा बोलला. लक्ष्मीबाईंनी उजवा हात कपाळाला लावला, मग माझ्या खाचेवर टेकवला, आणि परातीकडे वळल्या.