कंटेनरमधला टेकू

सुतारकामात जन्म गेलेल्या मिस्त्रींना बायकोपासून काही लपवता येत नसे. मनात काय चाललंय ते कपाळावर पाटी लावल्यासारखं दिसायचं. म्हणून समुद्रापलीकडून जुनी मोटार मागवायचा बेत त्यांनी आधी लेकीच्या कानावर घातला, तेव्हा ती हसून म्हणाली, "बाबा, आठवड्याच्या आत आईला कळणार."

चौथ्या दिवशीच कळलं.

"अहो, या वयात मोटार? आणि तीही पन्नास वर्षांची? आपण दोघं आहोत की घरात जुने, तेवढं पुरे नाही का?"

लेकीने फोनवर फोटो दाखवला आणि आईचा आवाज एकदम खाली आला. फिकट निळा रंग, डोळे वटारल्यासारखे गोल दिवे, पाठीला जरासा कुबड. अशीच मोटार स्वतः चालवत तिने बावीस वर्षं घरोघर जाऊन बाळंतपणं केली होती. ती मोटार दवाखान्याची. एके दिवशी दवाखान्याने ती भंगारात काढली. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. एरवी भाजी करपली तरी चार दिवस बोलणारी बाई या गोष्टीवर गप्प राहिली, यावरून मिस्त्री काय ते समजले होते. तेव्हापासून ते शोधात होते. इकडे त्या जातीची एकही मोटार उरली नव्हती. शेवटी पलीकडच्या देशातल्या एका निवृत्त शिक्षकाकडे सापडली.

बंदरातली कामं करून देणारी एक बाई लेकीने शोधून काढली. कुठल्या कागदाला कुठला शिक्का लागतो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, म्हणून बंदरात सगळे तिला शिक्केबाई म्हणत. तिनेच सल्ला दिला, "काका, एवढ्याशा गाडीला अख्खा कंटेनर कशाला? रोपवाटिकेचे एक मालक त्याच बंदरातून जुना मालट्रक आणतायत. तुमची गाडी आत, त्यांचा ट्रक दाराशी. एकाच कंटेनरमध्ये मावतील."

जहाज निघालं. लेकीच्या फोनवर ते एका ठिपक्यासारखं दिसायचं. "मला काय करायचंय" म्हणणारी आई रोज सकाळी चहा ओतता ओतता विचारू लागली, "आज कुठवर आली?" चौथ्या आठवड्यात ठिपका दोन दिवस जागचा हलेना. मग हलला, पण वाट वाकडी करून.

जहाज धक्क्याला लागलं त्या दिवशी शिक्केबाईचा फोन आला. नेहमी तोफ डागल्यासारखी बोलणारी बाई शब्द जुळवत होती. "काका, वाटेत मोठं वादळ लागलं होतं. आपला कंटेनर उतरवताना आतून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला म्हणे. उद्या उघडतील. जरा मन घट्ट करून या. काकूंना नका आणू."

मिस्त्रींनी बायकोला निरोप जसाच्या तसा सांगितला. काकू चपला घालत म्हणाल्या, "एवढी बाळंतपणं केली, कधी दाराबाहेर थांबले नाही. आता थांबेन?"

गोदामात रोपवाटिकेचे मालक आधीच येऊन उभे होते. जाडजूड, गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याचे. त्यांनी मिस्त्रींना नमस्कार केला, पण नजर उचलली नाही. ट्रक त्यांचा होता ना.

दार उघडलं. ट्रक बांधलेले दोन जाड पट्टे तुटून लोंबत होते. ट्रक तिरपा होऊन आतल्या अंगाला सरकला होता, त्याचं नाक पार अंधारात घुसलं होतं. त्याच्या पलीकडे त्या छोट्या मोटारीचा चेंदामेंदा झाला असणार हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. बायकोने मिस्त्रींचा दंड धरला.

ट्रक हळूहळू बाहेर ओढला. शिक्केबाईने विजेरीचा झोत आत टाकला आणि ओरडली, "काका! अहो काका, इकडे या!"

आत लाकडाची भिंत उभी होती. दोन उभे खांब, तीन आडव्या फळ्या, आणि मागून कंटेनरच्या लाकडी तळाला रोवलेला एक तिरका टेकू. ट्रक येऊन तिच्यावर आदळला होता. मधली फळी तडकली होती, पण भिंत जागची हलली नव्हती. आणि भिंतीमागे, चादर पांघरून झोपलेल्या पोरासारखी ती निळी मोटार. आरसासुद्धा फुटला नव्हता.

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. बायको मोटारीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. रोपवाटिकेचे मालक मात्र भिंतीला धरून मटकन खाली बसले. "मिस्त्री," ते म्हणाले, "काल रात्रभर मी तुम्हाला काय तोंड दाखवू म्हणून तळमळत होतो. वाचवलं हो मला या लाकडांनी."

मिस्त्री आता मोटार सोडून लाकडंच बघत होते. चष्मा पुसून त्यांनी सांध्यांवरून बोट फिरवलं. आडव्या फळ्या नुसत्या ठोकलेल्या नव्हत्या. खांबांना खाचा पाडून त्यांत घट्ट बसवल्या होत्या. टेकूचं टोक तासून असं बसवलं होतं की जितका धक्का बसेल तितका तो तळात रुतेल.

"हे खिळे ठोकणाऱ्याचं काम नाही," ते म्हणाले. "हे जातिवंत सुताराचं काम आहे. कुणी केलं?"

शिक्केबाईने कागद चाळले. "इथे फक्त 'पट्टे चार, पाचरी आठ' एवढंच लिहिलंय. भिंतीचा कुठे उल्लेखच नाही. कुणीतरी आपण होऊन केलीय."

तेवढ्यात लाकूड तपासणारे अधिकारी आले. परदेशातून आलेल्या प्रत्येक लाकडावर, ते तापवून कीड मारल्याचा ठसा असावा लागतो. खांबांवर होता, फळ्यांवर होता. टेकूवर नव्हता. "हे जुनं घरचं लाकूड दिसतंय," अधिकारी म्हणाले. "जाळावं लागेल. नियम आहे."

ज्या लाकडाने सगळा भार झेलला, नेमकं तेच. पण नियम मिस्त्रींना पटला. लाकडात कीड शिरली की काय होतं हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक? ते एवढंच म्हणाले, "साहेब, अर्धा तास द्या. माप घेतो, मग न्या."

कानावरची पेन्सिल काढून ते जमिनीवर बसले. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तेव्हा अधिकारी स्वतःच उकिडवे बसले. "इथे धरू का?" त्यांनी विचारलं. एका रद्द फॉर्मच्या पाठीवर भिंतीचं चित्र उतरलं, सांध्यासांध्यासकट.

मोटार घरी आली. स्टिअरिंग उलट्या बाजूला. पहिले काही दिवस बायकोचा हात गिअर शोधत दाराला लागायचा आणि ती मोटारीलाच रागवायची, "तुझं तुला तरी कळतंय का?" मिस्त्री शेजारी बसून हसू दाबत. पण त्यांचं चित्त भिंतीतच अडकलं होतं. लेकीच्या मागे लागून त्यांनी कंटेनर भरून पाठवणाऱ्या पलीकडच्या कंपनीला पत्र धाडलं. उत्तर नाही. दुसरं धाडलं. तिसऱ्याला उत्तर आलं: तक्रार आहे का? लेकीने उलट कळवलं, तक्रार नाही, आभार मानायचेत. त्यावर पंधरा दिवस शांतता. बहुधा तिकडे कुणाचा विश्वास बसला नसावा.

मग एका संध्याकाळी फोनच्या पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. तिकडे सकाळ होती. मागे फळ्यांच्या थप्प्या, अंगात भुशाने माखलेला झगा. मिस्त्री कुणा पुरुषाची वाट बघत होते. क्षणभर ते गडबडलेच. दोन दिवस पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली. त्यांनी नुसते हात जोडले.

बाईने काहीतरी विचारलं. लेकीने सांगितलं, "बाबा, त्या विचारतायत, टेकू टिकला का?"

"टिकला! सांग, केसभरही सरकला नाही. मधली फळी तेवढी तडकली."

बाईने कपाळावर हात मारला. "त्या दिवशी जाड फळीच नव्हती," लेक सांगत गेली. "तो ट्रक बघितला, ती एवढीशी गाडी बघितली, आणि त्यांचा पाय निघेना. टेकूला लाकूड कमी पडलं, तर घरच्या जुन्या खिडकीची चौकट पडली होती, ती आणली. ठसा नव्हता हे ठाऊक होतं. तुम्हाला त्रास झाला का?"

"दोन दिवस उशीर झाला, बस. पण टेकू जाळावा लागला, तेवढं सांग. वाईट वाटलं मला."

ती बाई मोठ्याने हसली. "जाळू द्या. खिडकीत असताना त्याने एवढं काम कधी केलं नव्हतं." मग ती गंभीर झाली. "मी तीस वर्षं इथे सामान बांधतेय. काही मोडलं की फोन येतो. धड पोचलं म्हणून आलेला हा पहिलाच."

मिस्त्रींच्या बायकोने फोन आपल्याकडे घेतला. भाषेची अडचण तिने मानलीच नाही. "बाई गं," ती सरळ मराठीत म्हणाली, "सुखरूप आली हो तुझी गाडी. तुझे हात असेच धड राहोत." पलीकडच्या बाईने लेकीकडून अर्थ कळायच्या आतच मान हलवली आणि झग्याच्या बाहीने डोळे टिपले.

मिस्त्रींनी चित्र पडद्यासमोर धरलं. बाईने चष्मा लावला, जवळ आली, आणि बोटाने काहीतरी दाखवू लागली. "खालची खाच तुम्ही उलटी काढलीय म्हणतात," लेक म्हणाली.

"उलटी? छे, मी डोळ्यांनी बघितलीय!" मिस्त्री सरसावून बसले.

बाईने फोन उचलला आणि त्यांना गोदामातून फिरवत एका उघड्या कंटेनरपाशी नेलं. आत एक जुनी मोटारसायकल उभी होती, अजून न बांधलेली. तिने दोन लाकडं आलटून पालटून धरून दाखवली आणि भुवया उंचावल्या.

"बाबा, विचारतायत, तुम्ही असता तर टेकू कुठल्या बाजूने दिला असता?"

मिस्त्रींनी बरोबर एक मिनिट विचार केला. मग कानावरची पेन्सिल काढली.