छत्तीसच्या आधीचा नाही

“जावईबापू, इकडे या. ही रेघ दिसते का?”

सासऱ्यांनी वही माझ्या नाकासमोर धरली. कुणाचा जुना पंखा आला की त्याच्या पितळी पाटीवर पातळ कागद ठेवून ते पेन्सिल घासत आणि उमटलेला ठसा वहीत चिकटवत. या ठशात चार कोपऱ्यांना चार काळे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक पांढरी रेघ.

“दिसते.”

“हा स्क्रू आहे. कंपनी पाटी रिव्हेट मारून बसवायची. स्क्रू म्हणजे पाटी नंतर कुणीतरी लावली. दुसऱ्याच पंख्याची.”

“बरं, मग?”

“मग मी चुकलो.”

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे वाक्य त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाई हातातलं काम टाकून दारापर्यंत आल्या, नवऱ्याकडे नीट बघितलं आणि आत गेल्या.

सासऱ्यांना सगळे डीसी म्हणत. शहरात डीसी वीज होती तेव्हा ते तिच्या सबस्टेशनवर होते, आणि ती बंद झाली त्या दिवशी शेवटचा खटका त्यांनीच ओढला. पुढे लोक जुने पंखे दाखवायला त्यांच्याकडे येऊ लागले. पंखा डीसी आहे की नाही हे ते मोटारीच्या दोन्ही बाजूंची टोपणं काढून सांगत. आत कार्बनचे तुकडे निघाले आणि त्यांच्या मागे तांब्याच्या पट्ट्यांचं गोल कडं दिसलं, की ते खूश. सालाचं मात्र वेगळं होतं. पाटीवर पेटंटच्या तारखा असतात, त्यातली शेवटची बघून ते सांगत, “अमक्या सालच्या आधीचा नाही.” नेमकं साल त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. माझं स्थळ आलं तेव्हाही “तिशीच्या आतला नाही” एवढंच म्हणाले होते म्हणे. ते अर्थात खरं होतं.

“या ठशाला पंधरा वर्षं झाली, बाबा,” मी म्हटलं. “कोण विचारतंय आता?”

“मेट्रनबाईंचा पंखा आहे तो. मला तिकडे घेऊन चला.”

मेट्रनबाईंची गोष्ट मला वाटेत कळली. जन्मल्याबरोबर कुणीतरी त्यांना इस्पितळात सोडून गेलं होतं. पुढे इस्पितळाची नोंदवही जळाली आणि शाळेत घालताना दात बघून अंदाजाने चौतीस साल लिहिलं गेलं. ज्या नर्सने त्यांना वाढवलं ती सांगायची, तू आलीस त्या दिवशी तुला या पंख्यापुढे ठेवलं होतं. बाई मोठेपणी तिथेच नर्स झाल्या, मेट्रन झाल्या. जुना वॉर्ड पाडला तेव्हा त्यांनी तो पंखा मागून घेतला आणि डीसींकडे आणला. डीसींनी पाटी वाचून सांगितलं, छत्तीसच्या आधीचा नाही. म्हणजे बाईंचं चौतीस साल खोटं.

बाई एका खोलीत राहत होत्या. पंखा टेबलावर होता, पुसून लख्ख. तो चालायचा प्रश्नच नव्हता. त्याला लागणारी वीज शहरात उरली नव्हती.

सासऱ्यांनी चहाला नको म्हटलं. उभ्याउभ्याच स्क्रू काढले आणि पाटी उचलली. खाली लोखंडात रिव्हेटची चार भोकं होती, बुजवलेली, आणि ठोकून उमटवलेला एक आकडा. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, मग वहीतल्या बाकी पंख्यांच्या आकड्यांशी तो ताडून बघितला.

“एकतीसच्या आधीचा नाही,” ते म्हणाले. “बाई, तेव्हा मी नुसती पाटी वाचली. पाटीखाली बघायला हवं होतं. चूक माझी आहे.”

बाई खुर्चीत बसल्या.

“म्हणजे मी चौतीसची असू शकते?”

“असू शकता.”

“अहो, तुमच्या छत्तीसवर मी ऑफिसात केवढी भांडले! दोन वर्षं आधी मला रिटायर करताय म्हणून. त्या हेडक्लार्कला पंधरा वर्षं शिव्या घालतेय मी. तो बिचारा वारलासुद्धा.” त्या हसल्या, पण हसू लगेच सरलं. “मग माझं साल कोणतं, डीसी?”

“ते पंख्याला माहीत नाही.”

मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांनी आलेच होते, तर काहीतरी बरं बोलायचं होतं.

बाईंनी कपाटातून एक डबी काढली. तिच्यात पत्र्याची छोटी चकती होती, सुतळीत ओवलेली. बाळाच्या मनगटाला बांधायची. “यावर खिळ्याने कोरलेलं होतं म्हणे सगळं, तारखेसकट. मी लहानपणी राखेने घासून घासून चकचकीत केली. चांदीची आहे असं वाटायचं मला.”

सासऱ्यांनी चकती खिडकीपाशी नेली. वहीतला पातळ कागद तिच्यावर ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागले, इतक्या हलक्या हाताने की आवाजही येईना. आधी नुसतं काळं उमटलं. मग पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. खाट सात. वजन, तेही अर्धंच. त्याच्या खाली एक शब्द. शब्दाखाली आणखी काहीतरी कोरलेलं असावं, पण तिथे पत्रा गुळगुळीत होता. त्यांनी तेवढीच जागा तीनदा घासली. तिसऱ्यांदा कागद फाटला.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. “मुलगी.” त्यांनी कागद परत सासऱ्यांच्या हातात दिला. “एवढं मला माहीत होतं.”

सासऱ्यांनी वही उघडली. पंख्याचं जुनं पान एका रेघेने खोडलं. पुढच्या कोऱ्या पानावर तो फाटका ठसा चिकटवला, फाटलेल्या कडा अंगठ्याने जुळवल्या आणि खाली लिहिलं: मुलगी. एकतीसच्या आधीची नाही.

मग वही बाईंपुढे केली आणि विचारलं, “बरोबर आहे ना?”

बाईंनी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि ठशाखाली, जिथे काहीच उमटलं नव्हतं तिथे, आपली सही केली.