बिरजूच्या जीपचा डावा दिवा

अकरमचं दुकान फुटण्यात कमरुद्दीनचाचाचा फायदा काय होता, ते आधी मांडून टाकू: अठरा जीपा. अहेरीच्या स्टँडवरून आलापल्ली-सिरोंच्याकडे सवारी वाहणाऱ्या अठराही जीपांची वायरिंग, हॉर्न, बॅटरी तीस वर्षं चाचाच्या टिनाच्या शेडखाली झाली. मग २००८ च्या दिवाळीनंतर अकरमनं रस्त्यापलीकडे समोरासमोर दुकान थाटलं. हा अकरम चाचाच्याच हाताखाली दहा वर्षं शिकलेला. त्यानं काचेच्या कपाटात एलईडीचे पांढरे बल्ब मांडले आणि होळीपर्यंत अकरा जीपा रस्ता ओलांडून गेल्या. चाचा त्याच्याशी सलाम-दुआ ठेवून होता. रोज सकाळी जीपा मात्र मोजायचा.

बारावा जीपवाला बिरजू. याचा हात तोंडाच्या आधी चालतो, हे स्टँडवर सगळ्यांना ठाऊक. भरदुपारी त्यानं अकरमच्या दुकानातून पार्किंगचे दोन एलईडी बल्ब घेतले. अकरम मागच्या खोलीत जेवत होता, त्याच्या बायकोनं, तबस्सुमनं, ते काढून दिले. बिरजूनं स्वतःच खोचले. उजवा लागला, डावा लागेना. माल खराब निघाला हे कुणाच्या तरी तोंडून पक्कं करून घ्यावं, म्हणून त्यानं जीप चाचाच्या शेडमध्ये घातली. जीपचं तोंड रस्त्याकडे होतं.

"चाचा, पाहा बरं. उजवा लागते, डावा काऊन नाई लागत?"

चाचानं टेस्ट लॅम्प टेकवला. होल्डरमध्ये करंट होता, अर्थिंग ठीक होतं. चाचाच्या तीस वर्षांच्या विद्येत यापुढे एकच निकाल निघायचा.

"करंट बराबर आहे. बल्ब मेलेला आहे."

"आताच तं घेतला."

"मंग मेलेलाच घेतला. गिऱ्हाईक पाहून माल देत असतीन बाबा. तू कुठी शहाणा दिसतं?"

हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं.

बिरजूनं सीटखालून चाकाचा पाना काढला आणि रस्त्यावर उतरला. चाचानं सवयीनं तो मेलेला बल्ब उपसला, लुंगीला पुसला, परत खोचला. बल्ब लख्ख लागला. चाचानं तो काढून फिरवला, पुन्हा लावला. अंधार. पुन्हा फिरवला. उजेड. जुन्या तारेच्या बल्बाला उलटं-सुलटं नसायचं, याला होतं. अकरमचा माल चांगला होता. बिरजूनं तो उलटा खोचला होता आणि चाचाचा निकाल चुकला होता.

रस्ता पंधरा पावलांचा. एक हाक पुरली असती.

तेवढ्यात पलीकडे कपाटाची काच फुटली. चाचानं मनात हिशेब केला: काच जाते तेवढी जाऊ दे, मग जाऊन सोडवू, अकरम नरम पडेल, जीपा परततील. एक कपाट, त्याहून जास्त नाही. मग त्यानं बल्ब उपसला, फिरवला आणि विझलेला करून जिथल्या तिथे खोचला.

पान्याला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता.

"मेलेला बल्ब इकतं काय?" बिरजू ओरडला, तसा अकरम उष्ट्या हातानं बाहेर आला. "बिरजूभाऊ, आयकून तं घे," एवढं म्हणेस्तोवर पाना तोंडावर बसला. दुसरा घाव अडवायला उजवा हात वर गेला, त्या हाडाचा आवाज शेडपर्यंत आला. तिसरा आणि चौथा काचांत पडलेल्या माणसाच्या बरगड्यांवर.

तेव्हा कुठे चाचा धावला. त्यानं बिरजूला मागून कव घातली. "बस कर. मरन तो."

अकरम रक्त थुंकला. रक्तात दात होते. "उलटा करून पाह्यला का?" तो कसाबसा बोलला. "त्या बल्बाले उलटं-सुलटं असते."

"लागला होता तो," तबस्सुम म्हणाली. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा आवाज अगदी सरळ होता. "मी इथूनच पाह्यला. चाचानं फिरवला, लागला. मंग पुन्हा इझवला, अन् तिथीच उभे राह्यले."

एव्हाना दहा-बारा ड्रायव्हर जमले होते. बिरजू रस्ता ओलांडून गेला, बल्ब फिरवून खोचला. लागला. तो परत आला.

"माह्या हातानं मारवलं तुमी त्याले."

"मले वाटलं..."

"काय वाटलं?"

उत्तर चाचाजवळ होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. बिरजूनं त्याचा उजवा हात धरून दुकानाच्या लोखंडी उंबऱ्यावर दाबला आणि पाना दोनदा उतरवला. चाचा गुरासारखा ओरडला. त्या दहा-बारांतला एकही पुढे झाला नाही, आणि त्यातले निम्मे त्याचे जुने गिऱ्हाईक होते. चाचाचं आटोपल्यावर मात्र त्याच लोकांनी बिरजूच्या हातून पाना हिसकला, त्याला खाली पाडला आणि पोलीस येईस्तोवर लाथांनी तुडवला.

तर शेवटची बेरीज अशी. बिरजूनं भरला एक कान आणि आठ महिने जेल. चाचानं भरली उजव्या हाताची चार बोटं. त्या हातात आता स्क्रूड्रायव्हर ठरत नाही. वायरिंगच्या कामाला अठराही जीपा आता आलापल्लीला जातात. आणि ज्याच्याकडे एका पैची चूक निघत नव्हती, त्या अकरमनं भरले चार दात, तीन बरगड्या आणि एक हात, जो अजून कोपरात सरळ होत नाही.