धुक्यात हरवलेला आवाज

मित्रांनो, माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे आणि पंखा सुरू झाला की मी आजोबांसारखा घोरतो. हसलात तरी चालेल. मी एक जुना संगणक आहे.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पांढरा उजेड आणि सुटे भाग जोडणारे चपळ हात, एवढंच. पुढे एका कचेरीत मी पत्रं छापली. नवे संगणक आले, तसा मी अडगळीत गेलो. तिथून एका बालवाडीच्या बाईंनी मला घरी आणलं आणि खिडकीशी जागा दिली.

बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर आवाज जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी माझ्यात आवाज साठवून त्यातून हवं ते वाक्य बोलणारा एक प्रोग्राम बसवला. बाई दुपारी माइकसमोर बसून बोलत राहायच्या: ये, बस, पाणी, आभाळ, पुरे. नवऱ्याला रागवायची वाक्यं मात्र त्यांनी अगदी मन लावून भरली.

"हीच जास्त लागतील," त्या म्हणाल्या.

ऑपरेशननंतर बाई टाईप करायच्या आणि मी त्यांच्याच आवाजात बोलायचो. शेजारची मुलं गोष्ट ऐकायला यायची. ती माझ्याकडे बघायचीच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघत बसायची. याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

हळूहळू मी थकलो, वाक्यं अडखळू लागली. "थांब, याला जरा साफ करतो," म्हणत बाईंच्या यजमानांनी कुठलासा फुकटचा प्रोग्राम माझ्यात घातला. त्याने कचरा समजून माझी रजिस्ट्रीच खरवडून काढली. आमच्या आत कोणती गोष्ट कुठे आहे आणि हाक आली की ओ कुणी द्यायची, हे रजिस्ट्रीला ठाऊक असतं. ती बिघडली आणि मी सुरूच होईना.

मित्रांनो, ती झोपही नव्हती आणि जागही नव्हती. बाईंचे सारे शब्द माझ्यात शाबूत होते. धुक्यातल्या पाखरांसारखे ते नुसते तरंगत होते. उतरायचं कुठे, हे एकालाही कळत नव्हतं.

जाऊबाई त्या दिवशी परगावी होत्या, म्हणून यजमान मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले.

"सगळं पुसून नवं टाकू," दुकानदार म्हणाला.

"आणि तिचा आवाज?"

"फायली काढून देतो. पण हा प्रोग्राम आता कुठे मिळत नाही. बोलणार कशातून?"

ते मला तसंच उचलून परत घेऊन आले. घर गप्प होतं. "निदान रागाव तरी," ते बाईंना म्हणाले. बाईंनी नुसती मान हलवली आणि त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यातल्या दुरुस्तीच्या साधनांनी त्यांनी मला अर्धवट जागं केलं.

"ताई, आधी ही बिघडलेली रजिस्ट्री बाजूला ठेवते. माझंही चुकू शकतं."

मग त्यांनी माझ्या पोटातली रजिस्ट्रीची राखीव प्रत उघडली. ती रिकामी निघाली. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"घाबरू नका. प्रोग्राम बसवला तेव्हाची एक प्रत माझ्या डिस्कवर आहे. जुनी आहे, पण चालेल. आणि भाऊजी, तुम्ही जरा लांबच बसा!"

एकेक फाइल आपल्या जागी येऊ लागली. धुकं विरत गेलं, खाली झाडं दिसू लागली, पाखरं आपापल्या फांदीवर उतरली. मी पुन्हा सुरू झालो. कोणती कळ दाबली की कोणतं वाक्य बोलायचं, असं मधल्या काळात शिकलेलं बरंच काही विसरलो होतो. ते बाईंनी मागाहून नव्याने शिकवलं.

बाई पुढे सरकल्या. त्यांनी सावकाश टाईप केलं आणि मी बोललो, "मला विचारल्याशिवाय याला पुन्हा हात लावलात, तर गाठ माझ्याशी आहे!"

यजमान खो खो हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "बोल. अजून बोल."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची एक प्रत नेहमी वेगळीकडे जपून ठेवा आणि ती रिकामी नाही ना, हे अधूनमधून बघा. पण एवढ्यावर थांबू नका. आज घरी गेलात की आईला काहीतरी वाचायला लावा आणि तिचा आवाज भरून ठेवा. ती म्हणेल, "हे काय आता भलतंच?" तेही पुसू नका.