दोन किल्ल्यांची बॅग

मी ओस्लोमधली एक जुनी चामडी बॅग आहे, मित्रांनो. खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला जाड दोऱ्याने शिवलं आणि पितळी कुलूप लावलं. किल्ल्या दोनच होत्या. एक गुप्तवार्ता खात्यातल्या इंगर्डबाईंकडे, दुसरी संरक्षणमंत्री गुडमुंडसाहेबांकडे. रोज सकाळी बाई माझ्यात अहवाल ठेवत आणि मी साहेबांच्या टेबलावर जाई.

एका सोमवारी अहवालात होतं, उत्तरेकडच्या खाडीत परकी पाणबुडी शिरली आहे. साहेबांनी लगेच खाडी बंद केली. ऐन हेरिंग माशांच्या हंगामात कोळ्यांच्या बोटी किनाऱ्याला बसून राहिल्या.

बुधवारी इंगर्डबाई मला घेऊन स्वतःच आल्या. चेहरा पांढराफटक.

"साहेब, पाणबुडी नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या बोयाची तुटलेली साखळी खडकावर घासत होती. पाण्याखालच्या यंत्राने टिपलेला तो आवाज ओळखण्यात मी चुकले."

"अहो बाई, काल मी टीव्हीवर छाती ठोकून सांगितलंय! आणखी कोणाला माहीत आहे?"

"माझ्या वरिष्ठांना. ते म्हणाले, गप्प बसा, दोन दिवसांनी खाडी उघडेलच."

"मग बसला का नाहीत गप्प?"

"उद्या खरंच पाणबुडी आली, तर माझा शब्द तुम्हाला खरा वाटायला हवा ना?"

साहेबांनी कोट चढवला, मला उचललं आणि थेट संसद गाठली.

"खाडी आत्ता उघडतो आहे. आमची चूक झाली," ते म्हणाले.

"कोणत्या अधिकाऱ्याची? नाव सांगा!" विरोधक ओरडले.

"आदेशावर सही माझी आहे. माझंच नाव लिहून घ्या."

कोळ्यांनी त्यांना 'साखळीमंत्री' म्हणून वर्षभर चिडवलं. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी मात्र साहेबांनी नेहमीसारखंच माझं कुलूप उघडलं आणि अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी पुन्हा पाणबुडीची खबर दिली. साहेबांनी एकच विचारलं, "खात्री किती?"

"दहात आठ."

अर्ध्या तासात बोटी माघारी बोलावल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पाणबुडी खरोखरच वर आली. एकाही बोटीला ओरखडा नव्हता. त्या दिवशी मला माझ्या कुलपाचा फार अभिमान वाटला.

पुढे संगणक आले. आता मी कपाटात पडून असते, चामडं तडकलं आहे. कोणी तेलाचा हात फिरवला तर बरं वाटेल, नाही फिरवला तरी तक्रार नाही. पण मित्रांनो, "माझं चुकलं" असं सांगायला कोणी तुमच्या दारी आलं, तर त्याला आधी बसायला खुर्ची द्या.