आजीची मक्याची भाकरी

"बाईसाहेब, तुमच्या गोष्टीतली ही म्हातारी भाकरी चोरते ती कुणासाठी हो?"

ओडेसाने विचारलं एकदाचं! कुंपणापलीकडे तिच्या मैत्रिणी लूटी आणि पर्मेलिया कान टवकारून उभ्या होत्या. 'तुझी काय टाप आहे त्यांना विचारायची!' म्हणत होत्या ना? घ्या!

कल्पेपरबाई खळखळून हसल्या. "स्वतःसाठीच! तुमची माणसं खादाडच. डोक्याला फडकं बांध, डोळे गरागरा फिरव आणि मी लिहिलंय तसंच अडाण्यासारखं बोल. हॉल हसून लोळला पाहिजे. मग शिक्षिका व्हायच्या कॉलेजात तुझी शिफारस करायचं माझ्याकडे लागलं."

कार्यक्रमाचा हॉल गोऱ्यांचा. ओडेसाने मागच्या दाराने शिरायचं आणि आईबाबांनी काळ्यांच्या सज्जातून बघायचं.

घरी आई कल्पेपरबाईंच्याच चादरींना इस्त्री करत होती. ओडेसाने डोक्याला फडकं बांधलं, एका हातात बाईंनी लिहिलेले कागद धरले आणि दुसरा कंबरेवर ठेवून गोष्ट म्हणायला सुरुवात केली. म्हातारी दर रविवारी अर्धी भाकरी एप्रनच्या खिशात लपवते, इथवर आली आणि आईचा हात थांबला. चादर करपल्याचा वास सुटला.

"ती माझी आई," आई म्हणाली. "माझा मोठा भाऊ इलाय सात वर्षांचा होता, गुलामीच्या दिवसांत मालकाने विकला त्याला. रविवारी परत आला तर उपाशी नको राहायला, म्हणून ठेवायची. मरेपर्यंत."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"बाईंनी खोदून खोदून विचारलं गं, म्हणून त्यांना सांगितलं. डोळे पुसत ऐकलं त्यांनी."

डोळे पुसले, आणि घरी जाऊन त्याच भाकरीचा विनोद केला! ओडेसाला हातातले कागदसुद्धा चिकट, घाणेरडे वाटायला लागले.

लाकडाच्या गिरणीतून आलेले बाबा दारातच उभे होते. "पोरी, एका संध्याकाळचं सोंग आहे. कॉलेज जन्माला पुरेल. आणि बाईंनी धुणं बंद केलं तर?"

"तर दुसरं धुणं बघू," आई हळूच म्हणाली. पण तिची नजर जळलेल्या चादरीवरच होती.

ओडेसाने डोक्यावरचं फडकं सोडलं आणि कागद त्यात गुंडाळले.

"आई, बाबा, ऐका. हे उद्या मीच परत देणार, पुढच्या दाराने जाऊन. त्या हॉलमध्ये मी तोंड उघडणार नाही, कॉलेज गेलं तरी. रविवारी आपल्या चर्चमध्ये उभी राहणार आणि भाकरी कुणासाठी होती ते सांगणार. इलायमामाचं नाव घेऊन. आणि तिथे कुणी हसणार नाही."