अदलाबदलीचा तास

घंटा झाली तशी तिने छातीवरची नावपट्टी काढून खिशात टाकली, आपलं गोगलगाईंचं पोस्टर सोडलं आणि शेजारच्या हृदयाच्या पोस्टरपुढे जाऊन उभी राहिली.

अदलाबदलीचा तास सुरू झाला होता. ही संस्थेच्या संचालकांची हौस. संशोधक म्हणजे विहिरीतले बेडूक, असं त्यांचं ठाम मत. म्हणून दरवर्षी संशोधन-दिनाला तासभर प्रत्येकाने दुसऱ्याच्या पोस्टरपुढे उभं राहून आल्या-गेल्याला ते समजावून सांगायचं. काम कुणाचं हे सांगायला बंदी. पोस्टरवरची नावंसुद्धा कागद लावून झाकलेली. मग काय विचारता! भूकंपवाला बोलीभाषांवर ठोकून देत होता, मुंग्यांच्या रहदारीवाली काँक्रीटच्या तड्यांपुढे डोकं खाजवत होती, आणि जन्मभर ताऱ्यांची धूळ मोजलेला खगोलवाला तिच्या गोगलगाईंसमोर हाताची घडी घालून उभा होता.

"हा चिकटा येतो कुठून म्हणालीस?" त्याने हळूच विचारलं.

"पायातून."

"बास. थापा मारायला एवढं पुरे."

बाबांना तिने मुद्दाम याच तासाला बोलावलं होतं. नंतर फार गर्दी होते, असं सांगून.

चुलतबहीण हृदयाची सर्जन झाली तेव्हा सगळे जेवायला जमले होते. "आणि आपल्या बाईसाहेब कशावर संशोधन करतात?" काकांनी विचारलं होतं. गोगलगाय हा शब्द तिच्या जिभेपर्यंत आला आणि तिथेच अडला. "मीपण हृदयावरच," ती बोलून गेली. बाबांनी ते लिफ्टमध्ये सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, इमारतीत ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगितलं. आता निस्तरणं भाग होतं.

बाबा आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात लग्नकार्याला घालायचे बूट. तिच्यामागचं लालभडक चित्र बघून त्यांचा चेहरा फुलला.

"हे सगळं तू केलंस?"

तिने मान हलवली, हो नाही आणि नाहीही नाही अशी. मग पाठ केलेलं घडाघडा बोलून टाकलं. झडपा, ठोके, रक्ताची उलटी गळती. बाबा मधूनमधून "वा!" म्हणत होते. दर वेळी तिला वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"काका, इकडेही या की!" खगोलवाल्याने हाक मारली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक हे कुणाचे कोण. "खरी गंमत इथे आहे."

"तिथे काही नाही बाबा," ती घाईने म्हणाली. "गोगलगाई आहेत नुसत्या. चला, चहा घेऊ."

"गोगलगाई?" बाबा हसले. "माणसं काय काय करतात! बघू तरी."

खगोलवाल्याला चेवच चढला. "ओल्या भिंतीवर तुमचा-आमचा कुठलाच गोंद टिकत नाही. आणि ही बया बघा, उलटी लटकते! तसाच चिकटा प्रयोगशाळेत बनवायचा आणि रक्ताने ओल्या जखमेवर लावायचा. टाके घालायला नकोत. मी जन्मभर वर बघत बसलो हो, आणि हे इथे पायाखाली!"

"गोगलगाय नि पोटात पाय," बाबा म्हणाले आणि दोघंही खळखळून हसले. तिचे कान तापले.

मग बाबा हसायचे थांबले. पोस्टरच्या कोपऱ्यात एक फोटो होता, तिकडे ते वाकले. काचेची बरणी, आत ओली माती, काचेला चिकटलेली गोगलगाईची पिल्लं, वर पत्र्याचं लाल झाकण आणि झाकणाला भोकं.

बरणी घरची होती. भोकं बाबांनीच पाडून दिली होती, गॅलरीत स्टुलावर बसून, खिळा आणि हातोडीने. कशाला हवीत, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, रसायन ठेवायला. "रसायनाला हवा लागते होय?" म्हणत त्यांनी घाव घातला, तो नेमका चुकला. अंगठा ठेचला आणि एक भोक वेडंवाकडं फाटलं. फोटोत तेच सगळ्यात ठळक दिसत होतं.

फोटो निवडताना हे आपल्याला सुचलं कसं नाही? ती हृदयापुढे खिळून उभी राहिली. आता सांगावं, आत्ताच सांगावं.

"कुणाचं काम हे?" बाबांनी विचारलं.

"सांगायला बंदी आहे, काका. पण पोरगी हुशार आहे हो. फक्त स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लाजते. का लाजते देव जाणे."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला. पुन्हा एकदा फोटो पाहिला. मग तिच्याकडे वळले.

"मी निघतो. घंटा व्हायच्या आत गेलेलं बरं. नंतर गर्दी होते ना."

ती त्यांच्यामागोमाग दारापर्यंत गेली.

"बाबा, मी..."

"छान सांगितलंस हृदयाचं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पाठांतर चांगलं आहे तुझं."

तिची मान खाली गेली. त्यांच्या बुटांना केलेलं ताजं पॉलिश तिला तेव्हा दिसलं.

बाबा एक पायरी उतरले आणि थांबले.

"आणि हे बघ, त्यातलं एक भोक फार मोठं पडलंय गं. पिल्लं निसटत असतील. झाकण घरी घेऊन ये, दुसरं करून देतो. या वेळी बारीक खिळा घेऊ."

ते कठड्याला धरून सावकाश पायऱ्या उतरू लागले. आत घंटा झाली. नावपट्टी तिच्या खिशातच होती, ती काढायला हात धजेना.